रंगात राहिलेलं भोक

साध्या मांजरपाटावर घातलेला टाका उसवला की कापडावर त्याची खूण राहत नाही. नखाने उभं-आडवं दोनदा घासावं, ओला हात फिरवावा, बाजूला सरकलेले धागे पुन्हा जवळ येतात आणि सुई कुठून गेली होती ती जागा शोधूनही सापडत नाही. रंग आणि दोरा दोन्ही वापरून एक चित्र करायचं म्हणून त्याच मांजरपाटावर ॲक्रिलिकचा एक हात दिलेला असला तर मात्र तसं होत नाही. टाका उसवतो, दोरा अलगद निघून येतो, आणि निळ्या आभाळाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक तसंच उघडं राहतं. नखाने घासावं तर भोवतीचा रंग पांढरट पडतो. रंगाचा ठिपका देऊन बुजवावं तर तो ठिपका बाकीच्या आभाळापेक्षा जाड आणि चकचकीत दिसतो, आणि खोलीत येणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. चित्र उजेडासमोर धरलं तर त्यातून प्रकाशाचा एक कण आरपार येतो. केवढंसं ते भोक, पण ते मनाला लागून राहतं. भरतकामात उसवणं ही इतकी रोजची, इतकी निरुपद्रवी गोष्ट, आणि रंग आला की तीच का अशी कायमची होऊन बसते?

कारण तसं सरळ आहे. सुती कापडात उभे-आडवे धागे एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. अणकुचीदार सुई आत शिरताना त्यांना सरकवते, आणि ती निघून गेली की ते परततात. ॲक्रिलिक रंग म्हणजे रंगद्रव्य, पाणी आणि पाण्यात तरंगणारे प्लास्टिकच्या जातीचे बारीक कण. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांची सलग पापुद्र्यासारखी थर तयार होते. ही थर धाग्यांना वेढून बसते, त्यांच्यातल्या फटी भरते. आता धागे सरकू शकत नाहीत. सुईला वाट हवी असेल तर थर फोडूनच ती मिळते. सगळ्यात मोठं भोक पाडतं ते सुईचं नेढं, कारण तिथे सुई सर्वांत जाड असते. नेढं वर येताना भोकाची कड बारीकशी उचलली जाते, बोट फिरवलं तर खरखर लागते. हीच खरखरीत कड मग पुढच्या प्रत्येक ओढीला दोरा सोलत राहते. म्हणून रंगवलेल्या कापडावर दोऱ्याला लव लवकर सुटते आणि सहा पदरी सुती दोऱ्याची चकाकी शेवटच्या चार टाक्यांत मरून जाते.

दोरा आणि रंग एकत्र आणायचे, तर आधी याचा विचार करावा लागतो.

आपल्याकडच्या घरांत या दोन कला वेगवेगळ्या खणांत राहिल्या. एका खणात बिस्किटांच्या डब्यात लड्या, लाकडी रिंग, सुयांची पाकिटं. दुसऱ्या खणात पोरांच्या चित्रकलेच्या वह्या आणि पिळून सपाट झालेल्या रंगाच्या नळ्या. पण भरतकामाची सुरुवात बहुतेक वेळा चित्रापासूनच होत आली. उशीच्या अभ्र्यावरचा मोर, रुमालाच्या कोपऱ्यातली तीन फुलं, दारावरच्या तोरणातले हत्ती, हे सगळं आधी कागदावर काढलेलं असे. ट्रेसिंग पेपरवर आकृती उतरवायची, रेघेवरून सुईने जवळजवळ भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि घासलेटात कालवलेली नीळ बोळ्याने त्यावरून फिरवायची. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांची वेल. घासलेटाचा तो उग्र वास कापडाला काही वेळ धरून राही आणि मग उडून जाई. ठिपके दोऱ्याखाली जात, उरलेले धुण्यात निघत. चित्र म्हणजे दोऱ्याची फक्त वाट होती, दोरा आला की ते संपायचं. रंगाला दोऱ्याइतकाच शेवटपर्यंत राहण्याचा हक्क द्यायचा म्हटलं, की खरी अडचण सुरू होते. आणि खरी मजाही.

या अडचणीवर एक फार सुंदर उत्तर चंब्याच्या रुमालांत सापडतं. हिमाचलातल्या चंबा आणि आसपासच्या डोंगरी संस्थानांत १८ व्या आणि १९ व्या शतकांत हे रुमाल बहरले. पहाडी लघुचित्रं काढणारे चितारी पातळ, ब्लीच न केलेल्या सुती कापडावर कोळशाने किंवा कुंचल्याने रेखाटन करून देत, आणि घरातल्या बायका ते बिनपिळाच्या रेशमाने भरत. टाका दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून नाव दोरुखा. गाठ कुठेही नाही. मला त्यात सगळ्यात शहाणपणाची वाटते ती मोकळी सोडलेली पार्श्वभूमी. राधाकृष्ण, गोपी, केळीची झाडं सगळं दोऱ्यात, आणि मधलं आभाळ, जमीन, हवा म्हणजे कोरं कापड. सुईला कुठेही रंगाची थर फोडावी लागत नाही. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात दिल्ली क्राफ्ट्स कौन्सिलने ही कला पुन्हा उभी करण्याचं काम हाती घेतलं, आणि चंब्याच्या ललिता वकील यांना २०२२ मध्ये याच कामासाठी पद्मश्री मिळाली. या रुमालांकडे पाहिलं की कळतं, दोऱ्याला त्याची जागा आधीपासून राखून ठेवावी लागते.

घरी रंग आणि दोरा एकत्र करताना मी याच राखीव जागेवर सगळ्यात जास्त भर देईन. कापडावर पेन्सिलीने चित्र हलकं काढलं की लगेच रंगाकडे वळू नये. आधी ठरवावं, दाट भरीव टाका कुठे येणार, विरळ टाके कुठे, आणि दोरा अजिबात नाही असं कुठे. जिथे भरीव काम आहे तिथलं कापड कोरं ठेवायचं, रंग फक्त त्या आकाराच्या कडेच्या आत दोन-तीन मिलिमीटर शिरू द्यायचा. एवढा शिरकाव हवाच, नाहीतर रंग संपतो आणि दोरा सुरू होतो त्या सीमेवर पांढऱ्या कापडाची रेघ डोकावते, आणि ती नंतर बुजवता येत नाही. विरळ टाक्यांच्या जागी रंग पाण्यासारखा पातळ, कापडाला नुसता डाग पडेल इतकाच. जाड, कुंचल्याच्या रेघा दिसतील असा रंग फक्त तिथे, जिथे सुई जाणारच नाही. हे तीन भाग एकदा मनात पक्के झाले की उसवलेल्या टाक्याची धास्ती जवळजवळ संपते.

कापडाबद्दल थोडं. कोऱ्या मांजरपाटात खळ असते आणि कापसाचा स्वतःचा मेणचटपणा असतो. दोन्ही रंगाला आत शिरू देत नाहीत. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, मग गरम पाण्यात थोडा साबण घालून धुवावं, दोन-तीन पाण्यांतून काढावं, ओलसर असतानाच इस्त्री करावी. धुताना जे काही आटायचं ते आताच आटून जातं, नंतर चित्र आकसत नाही. तयार झालं का ते पाहायला एक थेंब पाणी पुरे. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला तर अजून धुवायला हवं, पडताक्षणी पसरून आत गेला तर कापड तयार. तीस सेंटिमीटर चौरस चित्रासाठी कापड निदान पंचेचाळीस सेंटिमीटर घ्यावं, कारण चौकटीवर ताणायला आणि शेवटी पुठ्ठ्यामागे वळवायला चारी बाजूंनी सात-साडेसात सेंटिमीटर लागतात. पातळ कापडाखाली मलमलीचं अस्तर टाचून घेतलं तर काम फार सुखाचं होतं. गोधडीचं तत्त्व तेच: एकाहून जास्त थरांतून गेलेला धावदोरा घट्ट बसतो, एका थरावरचा ताण दुसरा वाटून घेतो. शिवाय मागून एका फुलाकडून दुसऱ्याकडे नेलेला गडद दोरा पुढून सावलीसारखा दिसत नाही. अस्तर नसेल तर असा दोरा एका सेंटिमीटरपेक्षा लांब नेऊच नये, तिथेच संपवून पुढे नव्याने सुरू करावा.

कॅनव्हास वापरायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण तो ताणून, पांढरा लेप देऊन तयार मिळतो. पण तो पांढरा लेप, जेसो, म्हणजे खडूसारख्या कडक पुडीने भरलेली ॲक्रिलिकचीच थर. सुई त्यातून जाताना कुरकुर आवाज येतो, बोटं दुखतात, अंगुस्तान नसेल तर नेढं बोटात रुततं. शिवाय मागे लाकडी पट्ट्या असतात. त्यांच्या काठापासून दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात हात आत जात नाही, तिथे टाका घालता येत नाही. कॅनव्हासवरच करायचं असेल तर मोजके, ठळक टाके घ्यावेत, आणि प्रत्येक भोक आधी जाड सुईने किंवा टोच्याने समोरून पाडून ठेवावं. कागदावर भरायचं असेल तर हे आणखी काटेकोरपणे पाळावं लागतं. जलरंगाचा तीनशे ग्रॅमचा सुती कागद घ्यावा, खाली थर्माकोल ठेवून भोकं पाडावीत, आणि दोन भोकांत निदान तीन मिलिमीटर अंतर राखावं. त्याहून जवळ गेलं की टपालाच्या तिकिटासारखा कागद त्या रेघेवर फाटतो.

रिंगेबद्दलही सांगायला हवं. रंगवलेलं कापड लाकडी रिंगेत आवळलं की रिंगेखालचा रंग चेपतो, वळतो आणि काढल्यावर तिथे एक गोल पांढरट वळ उरतो. जाड रंग असेल तर चिरा पडतात. हिवाळ्याच्या सकाळी हे जास्त होतं, कारण थंडीत ॲक्रिलिक ताठरतं. म्हणून अख्खं चित्र मावेल अशी लाकडी चौकट घेऊन कापड तिच्यावर पिना मारून ताणावं. रिंगच वापरायची तर आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळावी, काम थांबलं की लगेच कापड सोडवावं, रात्रभर आवळून ठेवू नये.

आता रंग. साधा ॲक्रिलिक कापडावर वाळला की कडक होतो. त्यात कापडासाठी मिळणारं मिडियम, म्हणजे रंग लवचीक ठेवणारं द्रव, साधारण निम्मं-निम्मं मिसळलं की थर मऊ राहते. फॅब्रिक कलर म्हणून मिळणारे रंग मुळातच थोडे लवचीक असतात. कापडाच्या एका तुकड्यावर तोच रंग तेवढ्याच जाडीने लावून, पूर्ण वाळवून, तुकडा दुमडून पाहावा. उलगडल्यावर घडीची पांढरी रेघ राहिली तर रंग भरतकामासाठी जाड झाला. हाताला कोरडा लागला म्हणून लगेच सुई घालू नये. वरची त्वचा अर्ध्या तासात वाळते, आतला ओलावा जायला दिवस-दोन दिवस लागतात, पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत त्याहूनही जास्त. अर्धवट वाळलेल्या रंगातून सुई ओढली की ती चिकटते, तिच्या अंगाला रबरासारखा रंग लागतो आणि तो पुढच्या फिक्या दोऱ्यावर पुसला जातो. फॅब्रिक कलर पक्का करण्याची इस्त्री भरतकामाआधीच उरकावी: चित्र पालथं, खाली जाड टॉवेल, वर बटर पेपर. इस्त्री सरळ रंगावर टेकवली तर रंग तिच्याबरोबर उचलून येतो. तेलरंगाचा तर विचारच नको. लेप नसलेल्या कापडात तेल शिरलं की वाळताना ते धाग्यांनाच हळूहळू ठिसूळ करतं, आणि आपण ज्यावर टाके घालणार तो आधारच काही वर्षांनी तुटायला लागतो.

चित्र पेन्सिलीनेच काढावं याचं कारणही ओला रंग आणि इस्त्री हेच. पाण्याने पुसली जाणारी निळी पेनं साध्या भरतकामात फार सोयीची, पण त्या रेघेवर ओला रंग गेला की निळा रंगात उतरतो, आणि वर इस्त्री फिरली तर काही शाया कायमच्या बसतात. उष्णतेने उडणाऱ्या पेनाची रेघ कडाक्याच्या थंडीत परत उमटते. महाराष्ट्रात त्याचं भय नाही, पण चित्र परदेशी थंड गावात भेट म्हणून जाणार असेल तर ते लक्षात ठेवावं. टोकदार एच पेन्सिल, हलका हात, एवढंच पुरतं.

आधी रंग की आधी टाका, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. आधी टाके घालून मग रंगवायला गेलं तर एक विलक्षण गोष्ट घडते. दोऱ्याच्या पदरांमधल्या अरुंद फटी ओला रंग शोषून घेतात. दोऱ्याजवळ नुसता कुंचला टेकला की रंग दोऱ्यात चढतो, भोकातून मागे जातो, मागच्या आडव्या दोऱ्यावरून धावतो आणि चार बोटं लांब, भलत्याच पाकळीत वर येतो. पांढऱ्या फुलाच्या मधोमध हिरवा डाग कुठून आला हे समोरून कळतच नाही, चित्र उलटं करावं तेव्हा वाट दिसते. म्हणून पातळ रंग सगळा आधी. टाक्यांनंतर फक्त कोरड्या कुंचल्याचं काम: कुंचल्यावर जेमतेम रंग घ्यायचा, फडक्यावर जवळजवळ पुसून टाकायचा आणि टाक्यांच्या उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा. रंग दोऱ्याच्या माथ्यावरच बसतो, खोलगट भागात मूळ छटा राहते. गवतावरची धूळ, दगडावरचं शेवाळ यासाठी याच्यासारखं साधन नाही.

एक चित्र धरून बोलू. भातलावणी नुकतीच झालेली खाचरं, मागे डोंगर, वर भरलेलं आभाळ. क्षितिज वरून एक तृतीयांशावर. आभाळ आणि डोंगर संपूर्ण रंगाचे, तिथे एकही टाका नाही. हे मी ठामपणे सांगते, कारण दोरा एका छटेतून दुसऱ्या छटेत पायऱ्या-पायऱ्यांनीच जातो आणि ढगाला पायरी नसते. इंग्लंड आणि अमेरिकेत १८ व्या शतकाच्या अखेरीस रेशमी कापडावर जी भरलेली चित्रं केली जात, त्यांत चेहरे, हात आणि आभाळ जलरंगात असायचं, तेही अनेकदा शिक्षिकेकडून किंवा व्यावसायिक चित्रकाराकडून रंगवून घेतलेलं. झाडं, कपडे, गवत तेवढं दोऱ्यात. या वाटणीत फार जाण आहे. ओलं कापड, त्यावर राखाडी-निळा पातळ रंग, आणि तो पसरत असताना फडक्याने टिपून काढलेले उजळ भाग, इतक्यात पावसाळी आभाळ उभं राहतं. दोऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करू नये.

खाचरांत मात्र दोऱ्याचं राज्य. आधी पाण्याची जागा आभाळाच्याच रंगाने, थोडी फिकी रंगवून घ्यायची, कारण लावणीच्या दिवसांत खाचरातलं पाणी आभाळच दाखवत असतं. मग रोपं. लांबच्या खाचरात एक पदर, दोन-तीन मिलिमीटरचे उभे टाके, राखाडीकडे झुकणारा हिरवा, नऊ किंवा दहा नंबरची बारीक सुई. मधल्या खाचरात दोन-तीन पदर, सात-आठ मिलिमीटर उंची, सात नंबरची सुई. अगदी पुढच्या ओळीत सहाही पदर, दीड सेंटिमीटरपर्यंत उंच, एका बुंध्यातून तीन-चार टाके फाकवलेले. सेंटिमीटरपेक्षा लांब टाका सैल पडतो आणि कशात तरी अडकतो, म्हणून तो मध्यावर त्याच रंगाच्या एका पदराने बारीकसा टाचावा. पदर वेगळे करताना एकेक पदर सरळ वर ओढून काढावा आणि मग हवे तेवढे पुन्हा जुळवावेत. सहातून दोन एकदम ओढले की गुंता होतो, आणि जुळवून घेतलेले पदर कापडावर जास्त भरीव बसतात. साध्या कापडावर पंचेचाळीस सेंटिमीटर दोरा चालतो, रंगवलेल्यावर तीस-पस्तीसच घ्यावा. सुई उभी खुपसून खालून ओढावी, पुन्हा उभी वर आणावी. रुमालावर करतो तशी तिरकी सुई घालून एका दमात टाका उचलला तर भोक लांबट फाटतं.

हिरव्या रंगातही लावणीची कहाणी असते. तरव्यातलं, म्हणजे बी पेरलेल्या वाफ्यातलं रोप पोपटी असतं. उपटून लावलं की काही दिवस पिवळट, मलूल दिसतं, मूळ धरलं की गडद होत जातं. एकाच चित्रात शेजारी-शेजारी तीन खाचरं या तीन अवस्थांची ठेवली तर शेत ओळखणारा माणूस लगेच थांबतो. शिवाय दोऱ्याला दिशेने मिळणारी छटा असते, ती कुठल्याही नळीतल्या रंगाला नाही. भरतकामाच्या सुती दोऱ्याची चकाकी ताणलेल्या दोऱ्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून आणलेली असते, या मर्सरायझेशनची सुरुवात १९ व्या शतकात जॉन मर्सर यांच्या प्रयोगांतून झाली. त्यामुळे एकाच लडीतला दोरा उभा घातला तर एक हिरवा दिसतो, आडवा घातला तर दुसरा. संध्याकाळी खिडकीतून तिरका उजेड आला की उभ्या रोपांची ओळ अचानक उजळते आणि आडवे टाके मंद होतात. वाऱ्याने झुकलेली रोपं दाखवायला वेगळी लडी लागत नाही, टाक्याचा कल बदलला की पुरे.

पाऊस मात्र दोऱ्याने भरू नये. राखाडी एकपदरी तिरके टाके काढून पाहिले तर ते चित्रावर ताणलेल्या तारांसारखे दिसतात, मागची खोली मरते. पाऊस कुंचल्याचाच, ओल्या रंगात ओढलेला.

बांधासाठी जुन्या सुती साडीची हाताने फाडलेली, सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी घ्यावी. कात्रीने कापलेली नको, फाडलेल्या कडेचे सुटे धागे हवेत. ती मातकट रंगात बुडवून, पिळून, चुरगळलेलीच वाळवावी आणि एकपदरी तपकिरी दोऱ्याने आठ-दहा मिलिमीटरवर टाचत जावी. चिकटवायची असेल तर सरस फक्त मधल्या रेघेत, कडा मोकळ्या, कारण फेव्हिकॉल भिनलेलं कापड वाळून पत्र्यासारखं होतं आणि त्यात बारीक सुई मोडते. दोरा चिकटवूनही काम करता येतं. कैरोत १९६३ साली जन्मलेल्या घाडा आमेर रंगवलेल्या कॅनव्हासवर भरतकाम करतात, टाक्यांची सुटी टोकं तशीच लोंबती सोडतात आणि ती जेल मिडियमने, म्हणजे ॲक्रिलिकच्या घट्ट पारदर्शक लेपाने, कॅनव्हासवर बसवतात. रंगाचे ओघळ आणि दोऱ्याचे ओघळ एकमेकांत मिसळून जातात. बांधावरच्या गवताला हे तंत्र छान जुळतं: सुटे पदर, वर जेलचा पातळ हात, सुईचं काम नाही.

घरातल्या वस्तूंचे रंग वापरण्याची ओढ मला समजते, आणि तिथेच मन थोडं द्विधा होतं. हळदीचा पिवळा कापडावर इतका जिवंत येतो की नळीतला कुठलाही पिवळा त्यापुढे फिका. पण तो उन्हात उडतो, साबण लागला की तांबडा होतो. चहाच्या पाण्याने कापडाला येणारा जुनाट रंग देखणा असतो, त्यातलं टॅनिन मात्र धाग्याला काळाच्या ओघात कमजोर करतं. टॅनिन आणि लोखंड मिळून होणारा काळा तर जुन्या छापील कापडांत नेमका काळ्या रेघांवरच कापड खाऊन टाकतो. टिकणारी गोष्ट म्हणजे माती. कोकण-गोव्यातल्या देवळांत आणि जुन्या घरांत चुन्याच्या गिलाव्यावर काव वापरून केलेली कावी चित्रं आजही लाल दिसतात, कारण तो रंग लोहाच्या ऑक्साइडचा, ऊन त्याचं काही बिघडवत नाही. लाल माती वाळवून, कुटून, मलमलीतून दोनदा चाळून, एक भाग माती आणि दोन भाग ॲक्रिलिक मिडियम अशी कालवली की बांधाचा आणि पायवाटेचा अस्सल रंग मिळतो. फक्त तिथे सुई घालू नये, रवाळ माती दोरा कापते.

काम झालं की चित्र धुवायचं नाही. मऊ कोरड्या कुंचल्याने झटकायचं. गडद लाल किंवा जांभळा दोरा रंग सोडतो का हे सुरुवातीलाच पांढऱ्या ओल्या फडक्यात दाबून पाहिलेलं असावं. चित्र पुठ्ठ्यावर बसवताना सरस लावू नये, मागे वळवलेल्या कापडाच्या समोरासमोरच्या कडा मजबूत दोऱ्याने नागमोडी ओढून बांधाव्यात, म्हणजे पुढे कधी सैल पडलं तर पुन्हा ताणता येतं. काच आणि टाके यांच्यात पाच-सहा मिलिमीटरची पट्टी हवी, नाहीतर टाके चपटे होतात आणि दमट हवेत काचेला लागून बुरशी धरते. मागची बाजू प्लास्टिकने बंद करू नये, कापडाला हवा लागू द्यावी. कापडात खळ उरली असेल तर ती खायला कसर येते, म्हणूनही ते पहिलं धुणं महत्त्वाचं. पावसाचा मारा असलेल्या बाहेरच्या भिंतीवर आणि दुपारचं ऊन थेट येईल तिथे चित्र लावू नये.

सही दोऱ्यातच करावी. एक पदर, उलटी टीप, अक्षराची उंची सहा मिलिमीटरच्या खाली नको, नाहीतर देवनागरीतल्या गाठी आणि काने एकमेकांत घुसतात. शिरोरेषा एका लांब दोऱ्याची, वरून टाचलेली, आणि अनुस्वारासाठी एक गाठीचा टाका. मागच्या अस्तरावर मऊ पेन्सिलीने कापड कुठलं, रंग कुठला, मिडियम किती, आणि प्रत्येक दोऱ्याचा लडीवरचा क्रमांक लिहून ठेवावा. एखादं खाचर पुढे कुणाला दुरुस्त करावं लागलं, तर तोच हिरवा त्यावाचून सापडणार नाही.